मूत्रपिंडाचे मुके दुखणे

लघवीचा रंग बदलला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेले आहे : ‘उन्हाळी लागली असेल.’ मग घरातले कोणी धण्या-जिऱ्याचे पाणी देते, कोणी वाळ्याचे, कोणी सब्जा भिजत घालते. दोन-तीन दिवसांत रंग निवळतो आणि आपण म्हणतो, ‘पाहा, कसा गुण आला!’ हेच वाक्य एकदा मी माझ्या एका विद्यार्थ्याला म्हटले होते. त्याची रुखरुख अजून गेलेली नाही, आणि म्हणूनच आज या विषयावर तुमच्याशी बोलायचे ठरवले.

मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात शिकवणारा एक प्राध्यापक, पदवी एम. ए.ची. काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहाची देखरेख माझ्याकडे होती. मार्च महिना, परीक्षेचे दिवस. एकोणीस वर्षांचा एक मुलगा सकाळीच दाराशी आला. घसा धरलेला, अंगात कणकण. घुटमळत म्हणाला, ‘सर, कालपासून लघवी कोऱ्या चहासारखी होतेय. दुखत मात्र काही नाही.’ मी म्हटले, ‘जागरणं करतोस, उन्हात हिंडतोस. उष्णता झाली असेल. धण्याचं पाणी पी भरपूर.’ तिसऱ्या दिवशी रंग निवळला. तो विसरला, मीही विसरलो.

पुढे चार-पाच वर्षांनी त्याला शिक्षकाची नोकरी लागली. रुजू होण्याआधी प्रकृतीची तपासणी झाली, तेव्हा रक्तदाब १७० वर ११० निघाला. लघवीत प्रथिने सापडली. अधिक तपासण्या झाल्या आणि कळले की दोन्ही मूत्रपिंडे मिळून जेमतेम चाळीस टक्के काम करीत आहेत. मधल्या काळात घसा बसला की आणखी दोनदा तसाच रंग आला होता. पण ‘सरांनी सांगितलंय, उष्णता असते’ म्हणून तो कोणाला बोलला नव्हता. मला भेटायला आला तेव्हा रागावला नाही. एवढेच म्हणाला, ‘सर, तेव्हाच तपासलं असतं तर?’ मला उत्तर देता आले नाही. मग मी वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका स्नेह्यांकडे जाऊन बसलो, त्यांना भंडावून सोडले, थोडे वाचले. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

त्याच्या रोगाचे नाव आयजीए नेफ्रोपॅथी. नाव अवघड आहे. पण त्यामागची गोष्ट अवघड नाही. ती कळण्यासाठी आधी मूत्रपिंडाचे काम पाहू.

बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, पाठीच्या कण्याच्या दोन अंगांना, मुठीएवढी ही दोन इंद्रिये असतात. एकेकाचे वजन साधारण दीडशे ग्रॅम. पण काम किती? दर मिनिटाला एक लिटरहून अधिक रक्त त्यांच्यातून वाहते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. एक गाळणी म्हणजे केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांचा एक छोटा गुंता, लोकरीच्या गुंड्यासारखा. या गाळण्यांमधून दिवसभरात सुमारे १८० लिटर पाणी, म्हणजे दहा-बारा घागरी, गाळले जाते. त्यातले बहुतेक सगळे पाणी आणि कामाचे क्षार शरीर परत घेते. उरलेले दीड-दोन लिटर, घाण सोबत घेऊन, लघवीवाटे बाहेर पडते. रक्तदाबावर नजर ठेवणे, नवे रक्त तयार करण्याचा हुकूम हाडांमधल्या मगजाला देणे, ही कामेही मूत्रपिंडाचीच.

आता चहाची गाळणी डोळ्यांपुढे आणा. चहा खाली यावा, पत्ती वर राहावी. मूत्रपिंडाच्या गाळणीतूनही पाणी व घाण खाली यावी. रक्तातल्या तांबड्या पेशी आणि प्रथिने वरच राहावीत. कपात पत्ती दिसली की गाळणी फाटली हे आपण ओळखतो. लघवीत रक्ताच्या पेशी किंवा प्रथिने सापडली, तर तीही गाळणीला इजा झाल्याची खूण असू शकते. सारी तपासणी या एका साध्या गोष्टीवर उभी आहे.

पण गाळणी का फाटावी? आयजीए नेफ्रोपॅथीत बाहेरचा शत्रू येऊन ती फाडत नाही. ती बिघडते आपल्याच राखणदारांमुळे. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर बसून गोफण फिरवणारा राखणदार तुम्ही पाहिला असेल. पाखरे हाकलणे हे त्याचे काम. पण गोफणीचे धोंडे घरच्याच कौलांवर पडू लागले तर? या रोगात काहीसे तसेच होते.

आपल्या रक्तात रोगजंतूंशी झुंजणारी प्रतिद्रव्ये असतात. त्यांच्या निरनिराळ्या जाती आहेत. आयजीए ही त्यांतली एक. घसा, नाक, फुप्फुसे, आतडी, म्हणजे बाहेरची हवा आणि अन्न जिथून आत येते, त्या वाटांवर तिचा पहारा असतो. ही आयजीए प्रतिद्रव्ये घडताना त्यांच्या मधल्या सांध्याला साखरेच्या जातीचे काही कण जोडले जातात. काही माणसांत यातला एक कण, गॅलॅक्टोज नावाचा, जोडायचा राहून जातो. ही साखर म्हणजे आपल्या चहातली साखर नव्हे बरं का. गोड खाण्याशी किंवा मधुमेहाशी तिचा संबंध नाही. हे जणू राखणदाराच्या गणवेशावरचा बिल्ला गळून पडण्यासारखे आहे. मग आयजीजी नावाची दुसरी प्रतिद्रव्ये या बिल्ला नसलेल्या भाऊबंदांना परके समजून धरतात. दोघांची जुंपते, एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे तयार होतात. रक्ताबरोबर वाहत ते मूत्रपिंडात येतात आणि गाळणीच्या मधोमध, बारीक रक्तवाहिन्यांना आधार देणाऱ्या भागात, रुतून बसतात. तिथे दाह सुरू होतो, सूज येते, पेशी वाढतात. सूज ओसरते, पुन्हा येते. आणि जखम भरताना जसा वण राहतो तसे गाळणीत वण पडत जातात. वण पडलेली गाळणी कायमची बंद. नवी गाळणी शरीर करीत नाही.

दोष गाळणीत नसून रक्तातून येणाऱ्या गठ्ठ्यांत आहे, याचा एक पुरावा मला फार बोलका वाटला. काही वेळा दात्याच्या मूत्रपिंडात असे आयजीएचे थर मुळातच असतात आणि ते कोणाला ठाऊक नसते. असे मूत्रपिंड हा रोग नसलेल्या माणसाला बसवले गेले, तेव्हा काही काळाने ते थर आपोआप नाहीसे झालेले आढळले. उलट, या रोगाने मूत्रपिंड गमावलेल्या माणसाला चांगले नवे मूत्रपिंड बसवले, तरी त्यातही काही जणांत ते थर पुन्हा जमतात. विहीर उपसली, पण झऱ्यालाच गढूळपणा असेल तर काय होणार?

हा रोग माणसाला फार काळ चकवत आला. लघवीतून प्रथिने जाणे आणि मूत्रपिंड बिघडणे यांचा संबंध लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट या डॉक्टरांनी १८२७ साली जगापुढे मांडला. त्यांची तपासणी अगदी घरगुती म्हणावी अशी होती. चमच्यात लघवी घ्यायची आणि मेणबत्तीवर धरायची. तापवल्यावर अंड्याचा पांढरा भाग गोठतो, तशी त्यातली प्रथिने गोठून साका दिसायचा. पण गाळणीत नेमके काय साचते हे दिसायला आणखी एकशे एकेचाळीस वर्षे जावी लागली. १९६८ साली पॅरिसमध्ये झाँ बेर्जे आणि निकोल अँग्ले यांनी रुग्णांच्या मूत्रपिंडाच्या बारीक तुकड्यांवर, आयजीएलाच जाऊन चिकटेल असे चमकणारे रंगद्रव्य लावले. विशिष्ट प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर गाळण्यांच्या मधोमध आयजीएचे थर उजळून निघाले. राखणदार जागेवरच पकडला गेला. आजही या रोगाचे खात्रीचे निदान असेच होते. कातडी बधिर करून, सुईने मूत्रपिंडाचा शेवयीएवढा तुकडा काढतात आणि तो तपासतात. त्याला बायॉप्सी म्हणतात. बायॉप्सी म्हटली की लोकांना कर्करोगच आठवतो. पण इथे तिचा त्याच्याशी संबंध नाही.

आता घशाचा आणि लघवीचा संबंध तुमच्या ध्यानात आला असेल. घसा आला की तिथला पहारा वाढतो, आयजीए अधिक तयार होते, त्यात सदोष आयजीएही आलीच. ती मूत्रपिंडात जाऊन अडकते. म्हणून या रोगात घसा धरल्यापासून एक-दोन दिवसांतच लघवी कोऱ्या चहासारखी किंवा तांबूस होते. लहान मुलांत घशाच्या दुखण्यानंतर किंवा कातडीवरच्या पिकलेल्या फोडांनंतर आणखी एक मूत्रपिंडाचा विकार होतो. त्यात मात्र रंग एक ते तीन आठवड्यांनी बदलतो, आणि डोळ्यांवर, पायांवर सूज दिसते. दोन्हींत डॉक्टरांकडे जायचेच. पण किती दिवसांनी रंग बदलला हे आठवून सांगितले, तर त्यांना फार मदत होते.

गोंधळ होऊ नये म्हणून हेही सांगतो : बीट खाल्ल्याने लघवी लाल दिसू शकते. क्षयाच्या औषधांतल्या रिफँपिसिनने ती नारिंगी होते. काविळीत ती गडद पिवळी होते. तेव्हा रंग बदलला म्हणजे हाच रोग, असे नव्हे. पण रंग बदलला की तपासणी करायची, एवढे मात्र पक्के धरा.

आता ‘गुण आला’ याची गोष्ट. या रोगातला लाल रंग काही दिवसांत आपोआप जातो. धण्याचे पाणी प्यायलात तरी जातो, नाही प्यायलात तरी जातो. श्रेय पाण्याला मिळते आणि रोग आत चालूच राहतो. रंग गेला तरी सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसत असतात, प्रथिने झिरपत असतात. पुष्कळ रुग्णांना तर लाल लघवी आयुष्यात कधी दिसतच नाही. फेस येतो, तोही बराच वेळ न मोडणारा, साबणाच्या फेसासारखा; पण त्याकडे लक्ष कोण देतो? आणि मूत्रपिंड स्वतः तोंड उघडत नाही. दाढ ठणकते, पोट कळ काढते. मूत्रपिंड मुकाट काम करीत राहते. निम्म्या गाळण्या बंद पडल्या तरी उरलेल्या निम्म्या जास्तीचे ओझे ओढतात. थकवा, सूज, मळमळ, भूक जाणे ही लक्षणे दिसू लागतात, तेव्हा बराच मुलूख हातचा गेलेला असतो.

हा रोग बहुधा तरुणपणीच, विशी-तिशीत, लक्षात येतो. सगळ्यांची वाट सारखी नसते. काहींच्या लघवीत जन्मभर थोड्या पेशी जातात आणि पुढे काहीच होत नाही. पण साधारण वीस वर्षांचा हिशेब धरला, तर शंभरातल्या वीस ते चाळीस जणांची मूत्रपिंडे निकामी होतात असे बरीच वर्षे मानले जात आले आहे. आपल्या देशातही हा रोग आहे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांचा पाठपुरावा केला आहे, आणि आपल्याकडे रोग बराच पुढे गेल्यावर रुग्ण हाती लागतात असे त्यांना दिसले. मूत्रपिंडे निकामी झाली की डायलिसिस : बहुधा आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार-चार तास यंत्राला जोडून रक्त शुद्ध करून घ्यायचे. २०१६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला आणि जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना ही सोय विनामूल्य मिळू लागली, हे खरे. पण गावाहून जिल्ह्याला जायचे, दिवस मोडायचा, सोबत एक माणूस न्यायचे. पेरणी असो की कापणी. एका घराचे कंबरडे मोडायला एवढे पुरे आहे.

म्हणून सगळी मदार लवकर ओळखण्यावर. आणि लवकर ओळखण्याची साधने किती साधी आहेत पाहा. एक, लघवीची तपासणी. औषधी कागदाची एक पट्टी लघवीत बुडवतात; तिच्यावरचे चौकोन रंग बदलतात आणि रक्त किंवा प्रथिने आहेत का ते दाखवतात. दोन, रक्तदाब. विशी-पंचविशीच्या माणसाचा रक्तदाब वाढलेला असला, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून सोडू नका, मूत्रपिंड तपासा. या दोन्ही गोष्टींना मोठे शहर लागत नाही. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा. तिसरी, रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी. पण एक लक्षात ठेवा : मूत्रपिंडाचे निम्मे काम गेले तरी क्रिएटिनिन कधी कधी ठीक दिसते. तेव्हा रक्ताचा अहवाल चांगला आला म्हणून लघवीची तपासणी टाळू नका.

रोग सापडला तर पुढे काय? मुळासकट उपटून काढील असे औषध आज नाही, हे खरेच सांगायला हवे. पण त्याची चाल मंद करता येते, आणि पुष्कळांची मूत्रपिंडे जन्मभर टिकवता येतात. पहिला उपाय रक्तदाब आवाक्यात ठेवणे. त्यासाठीच्या काही गोळ्या गाळणीतला दाब उतरवतात आणि प्रथिनांची गळतीही कमी करतात. मधुमेहासाठी निघालेली काही नवी औषधे मधुमेह नसलेल्यांच्याही मूत्रपिंडांना जपतात, असे अलीकडे दिसून आले. रोग जोरात असेल तर डॉक्टर स्टेरॉइड देतात. पण त्याने शरीराची एकंदर राखणच ढिली पडते, जंतुसंसर्गाचे भय वाढते, म्हणून ते तोलूनमापून द्यावे लागते. आतड्याच्या शेवटच्या भागात जाऊनच विरघळणारे ब्युडेसोनाइड नावाचे स्टेरॉइड २०२१ साली अमेरिकेत या रोगासाठी मान्य झाले; सदोष आयजीए जिथे तयार होते तिथेच तिला आवरावे, ही त्यामागची कल्पना. गोळ्या स्वतःच्या मनाने सोडू मात्र नका. बायकांनी, मूल होण्याचा विचार असेल तर, आधीच डॉक्टरांना सांगावे. यांतल्या काही गोळ्या गर्भाला बाधतात.

आपल्या हातात काय आहे? मीठ. दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचा, त्याच्या आत. लोणचे, पापड, खारवलेले मासे, फरसाण यांतले मीठ हिशेबात धरायचे असते, आणि आपण तेच विसरतो. तंबाखू आणि विडी सोडायची. अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या गोळ्या किंवा ‘एक सुई मारा’ म्हणून घेतलेली दुखणे थांबवणारी इंजेक्शने यांतली बरीच मूत्रपिंडाला घातक ठरतात. नाव-गाव नसलेल्या पुड्या आणि भस्मे यांत पारा, शिसे असू शकते. त्यांपासून दूर राहा. आणि पाणी? तहान भागेल इतके जरूर प्या. पण बादलीभर पाणी पिऊन हा रोग धुऊन निघत नाही. हा मुतखडा नव्हे.

हा रोग संसर्गाने पसरत नाही. रुग्णाचे भांडे वेगळे ठेवण्याचे कारण नाही. त्याच्या कोणत्या पापाचे किंवा ‘गरम’ खाण्याचेही ते फळ नाही.

शेवटी शिक्षकबंधू आणि भगिनींना एक विनंती. जपानमध्ये १९७४ पासून शाळकरी मुलांची लघवी दरवर्षी तपासतात. मूल घरून छोट्या बाटलीत नमुना आणते, शाळेत गोळा होतो, आणि ज्याच्यात रक्त वा प्रथिने सापडतात त्याला पुढे पाठवतात. काही दुखत-खुपत नसताना हा रोग तिथे कितीतरी मुलांत अशा रीतीने वेळेवर सापडला. तेवढी व्यवस्था आपल्या हाती नसेल. पण मूल लाजत लाजत तुमच्यापाशी येऊन ‘लघवी लाल होतेय’ असे म्हणते, तो क्षण तुमच्या हाती असतो. मुलीला तर हे सांगणे आणखी अवघड. तिचे बोलणे पाळीचे असेल म्हणून उडवून लावू नका. शाळेत आरोग्य तपासणीला डॉक्टर आले की लघवीच्या पट्टीची आठवण करून द्या. पालकसभेत दोन मिनिटे या विषयाला द्या. आपण शिकलेली माणसे आहोत, म्हणून मुले आपल्या तोंडून निघालेला शब्द खरा मानतात. मी हे फार उशिरा शिकलो.

तो विद्यार्थी आज एका खेड्यातल्या शाळेत शिकवतो. रोज गोळ्या घेतो, मीठ जपून खातो, दर तीन महिन्यांनी तालुक्याला जाऊन तपासून घेतो. चाळीस टक्क्यांवरचा काटा अजून फारसा खाली घसरलेला नाही. गेल्या खेपेस भेटला तेव्हा सांगत होता की त्याच्या वर्गातल्या एका मुलाने तशीच तक्रार केली. यानं काय केलं असेल? धण्याच्या पाण्याचं नावही काढलं नाही. शाळा सुटल्यावर त्याच्या वडिलांना निरोप धाडला आणि तिघे मिळून आरोग्य केंद्रात गेले.